तायडे बाई आणि लगाम धरणारा माणूस

तायडे बाई कुणाचाही फोटो बघायच्या, तेव्हा आधी त्याच्या चेहऱ्यावर हात ठेवायच्या. लग्नाचा अल्बम असला तर पानापानावर नवरदेवाचं तोंड तळहाताखाली जायचं आणि बाई त्याच्या बोटांकडे, बुटांकडे, खुर्चीत टेकण्याच्या पद्धतीकडे बघत बसायच्या. बुलढाण्याच्या चौकात वाढदिवसाचे मोठाले फ्लेक्स लागतात. त्यांच्यासमोर उभ्या राहून बाई एक डोळा मिटायच्या, हात लांब करायच्या आणि नेत्याचं डोकं झाकून टाकायच्या. "पाह्य," म्हणायच्या, "नमस्कार करून राह्यला, पण बोटं पाह्य कशे ताठ हायेत. याले हात जोडायची सवय नाही." येणारेजाणारे हसायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. "चेहऱ्याले शिकवता येते गं," त्या म्हणायच्या. "हाताले कोन शिकवते?"

शाळेत आम्ही त्यांना झाकणबाई म्हणायचो. त्या आम्हाला चित्रकला शिकवायच्या. आम्ही सगळ्या मुली घरून एकच चित्र काढून न्यायचो: दोन डोंगर, मधे सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. बाई वही हातात घेत आणि विचारत, "हे पाहून काढलं का पाठ करून?" कुणी "पाहून" म्हणालं तर त्यांना फार आनंद व्हायचा. "असं? मंग मलेबी दाखव. आपल्या गावचा सूर्य तं बसस्टँडच्या मागं बुडते. दोन डोंगराच्या मधात कोनी बसवला त्याले?" मग वर्गाला घेऊन त्या सरळ मैदानात जात आणि आम्हाला पाण्याची टाकी काढायला लावत. पाण्याची टाकी काढणं हे जगातलं सर्वात कंटाळवाणं काम आहे, असं मला तेव्हा वाटायचं.

मला कंटाळा यायचा कारण मला घाई असायची. माझे वडील छपाईचं छोटं दुकान चालवतात. मोर्चा, धरणं, निषेधसभा, जे जे बुलढाण्यात होतं त्याची पत्रकं आमच्याकडे छापली जात. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर. 'चले चलो', 'जाब विचारा', 'आता नाही तर कधीच नाही', ही माझी बालगीतं. माझं नाव क्रांती आहे, ते उगाच नाही. बाईंना त्या नावाची फार मौज वाटायची. शाळा सुटल्यावर, कॉलेज संपल्यावर, मी पुण्यातली नोकरी सोडून परत आल्यावरही मी त्यांच्या घरी गेले की त्या आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायच्या, "क्रांती आली हो! चहा ठेवा!" आत कुणी नसायचं. बाई एकट्याच राहायच्या. चहा त्याच ठेवायच्या.

आमचं खरं भांडण झालं ते एका साहेबावरून.

गावच्या जुन्या वाचनालयाच्या सभागृहात भिंतीवर थोर माणसांच्या तसबिरींची रांग आहे आणि रांगेच्या शेवटी एक मोठं तैलचित्र. लाल कोट घातलेला गोरा लष्करी अधिकारी. खांद्यावर सोनेरी झालर, कॉलर हनुवटीपर्यंत चढलेली, एक हात कोटाच्या आत खुपसलेला, दुसरा तलवारीच्या मुठीवर. चित्र दोनशे वर्षांपूर्वीचं, असं जाणकार सांगतात. कोण म्हणतं जालन्याच्या छावणीतून आलं, कोण म्हणतं कुठल्या तरी साहेबाच्या बंगल्याचा लिलाव झाला तेव्हा एका जमीनदाराने घेतलं आणि घरातल्या बायका घाबरतात म्हणून वाचनालयाला देऊन टाकलं. साहेबाचं नाव कुणालाच माहीत नाही. पण पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला वाचनालयात सर्व तसबिरींना हार घालतात, गंध लावतात, आणि रांगेच्या शेवटी असलेल्या या साहेबालाही हार घालतात, गंध लावतात, त्याच्यासमोर अगरबत्ती लावतात. स्वातंत्र्यदिनी! मी वाचनालयाच्या शिपायाला, गजाननभाऊंना, एकदा तावातावाने विचारलं, याला हार कशासाठी? ते शांतपणे म्हणाले, "ताई, साऱ्याइले हार अन् याले एकट्याले नाही, बरं दिसते का?"

मी पत्रक लिहिलं. वडिलांनी छापलं. त्यात मी विचारलं होतं की ज्या फौजेने हा मुलूख तुडवला तिच्या अधिकाऱ्याची आपण आणखी किती वर्षं पूजा करणार? शेवटचं वाक्य होतं, 'हे चित्र हार घालण्याच्या नव्हे, थुंकण्याच्या लायकीचं आहे.' ते वाक्य मला आजही आवडतं.

पत्रकाचा परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा लवकर झाला. वाचनालयाचे अध्यक्ष एक निवृत्त वकील आहेत, सगळे त्यांना वकीलसाहेबच म्हणतात. त्यांना वाद आवडत नाही. वर्धापनदिनासाठी सभागृहाला रंग द्यायचाच होता. त्यांनी कार्यकारिणीत सांगून टाकलं, "रंगाच्या वेळी साऱ्या तसबिरी उतरतीलच. बाकीच्या परत लावू. सायबाले माळ्यावर टाका." वाचनालयाच्या माळ्यावर वाळवी आहे हे साऱ्यांना माहीत होतं. म्हणजे चित्र माळ्यावर गेलं की संपलं. मी जिंकले होते.

दुसऱ्या दिवशी गजाननभाऊ निरोप घेऊन आले, तायडे बाईंनी बोलावलं आहे. मी गेले तर बाई ओट्यावर बसलेल्या आणि त्यांच्या मांडीवर माझं पत्रक. ते त्यांनी डोळ्यांपासून बरंच बाजूला, कानाजवळ धरलं होतं.

"ये. हे पाहून लिहिलं का पाठ करून?"

"बाई, यात पाहायचं काय आहे? इतिहास आहे तो."

"त्या सायबाच्या मागं घोडा हाय. पाह्यला?"

मी पाहिला नव्हता. बाई म्हणाल्या, चित्राची डावी बाजू काळी ठिक्कर आहे, पण काळ्यातून घोड्याचा एक कान आणि नाकाडाचा तुकडा बाहेर येतो. त्या तोंडातून लगामाचा पट्टा निघतो आणि खाली अंधारात जातो. "सायबाचा एक हात कोटात, एक तलवारीवर. मंग लगाम कोनाच्या हातात हाय? कोनी तरी धरला असंन ना? मी लगन होऊन या गावात आली तेव्हापासून मले हाच प्रश्न पडला हाय. तिथं कोनी तरी उभं हाय, क्रांती. कोन हाय तो?"

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, जणू भाजीचा भाव सांगावा तशी. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. जिथे नीट बघायला जावं तिथेच मधोमध डाग यायचा, कडेकडेचं तेवढं दिसायचं. वाढतच जाणार, असं औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "आता मले कोनाच्या तोंडावर हात ठेवायची गरज नाही," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "ज्याच्याकडं पाह्यलं त्याचं तोंड आपोआप झाकल्या जाते. तुहंबी झाकलं हाय आता. तू रागात हाय का रडून राह्यली, मले काय समजते?"

मी रागात नव्हते.

"जेवढं दिसते तेवढ्यात मले त्या माणसाचं तोंड पाह्यचं हाय. जन्मभर साऱ्याइचे तोंडं झाकले. याचं एकट्याचं पाह्यचं हाय. तू लिहिलं ना, थुंकाच्या लायकीचं? मंग थुंकाले ये उद्या. कापूस घिऊन ये."

मला वाटलं, बाई चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या. नागपूरला चित्रकला शिकताना एका म्हाताऱ्या शिक्षकाने त्यांना दाखवलं होतं: जुन्या तैलचित्रावर धूर आणि धूळ बसली तर साबण नको, सोडा नको, काडीला कापूस गुंडाळायचा, तोंडात धरून ओला करायचा आणि अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर हलका फिरवायचा. थुंकीने मळ सुटतो, रंग सुटत नाही. घासायचं मात्र नाही. घासलं की चित्र गेलं.

आता मला वकीलसाहेबांकडे जाऊन, मीच उतरवायला लावलेलं चित्र माळ्यावर टाकू नका, म्हणून सांगायचं होतं. ते चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले. "बाप्पा! तूच म्हनते काढा, तूच म्हनते थांबा. उद्या पत्रक काढशीन, वकिलानं सायबाले बाहेर काढलं म्हनून."

"तसंही काढू शकते," मी म्हणाले.

"रंगाचं काम होईस्तोवर थांबतो. भिंती वाळल्या की सायेब माळ्यावर. मंग तू नाही अन् तुह्या बाई नाही."

बाई रोज सकाळी वाचनालय उघडण्याच्या आधी येऊ लागल्या. खिडकीजवळ दोन बाकं जोडून त्यांवर चित्र आडवं ठेवलं होतं. बाकी सभागृहात शिडी, चुन्याच्या बादल्या, रंगाऱ्यांच्या बिड्यांचा वास. बाईंनी काड्या मागवल्या तर गजाननभाऊंनी वाचनालयातल्याच अगरबत्त्यांचं मसाल्याचं टोक खरडून काड्या करून दिल्या. काळ्या कोपऱ्यावर पहिला कापूस फिरवला आणि तो डांबरासारखा होऊन निघाला. बाईंनी तो नाकाशी नेला. "गजानन, वास घे. चंदन!"

तेव्हा आमच्या लक्षात आलं. अगरबत्तीचं घर चित्राच्या डाव्या कोपऱ्याखाली होतं. इतकी वर्षं साहेबाच्या मानासाठी लावलेल्या अगरबत्त्यांचा धूर सरळ त्या कोपऱ्यावर चढला होता आणि तिथे जो कोणी उभा होता, त्याला आम्ही आमच्या भक्तीने बुजवून टाकलं होतं. मी उसळले. मला त्याच क्षणी नवं पत्रक सुचलं, त्याचं शीर्षकसुद्धा. बाई म्हणाल्या, "बोलू नोको. थुका वाळते."

गजाननभाऊंना या कामाची फार गंमत वाटायची. "बाई, म्याबी थुंकू का जरासा? माह्या आज्याचा राग हाय यायच्यावर."

"तू तंबाखू खाते. सायेब अजून लाल होईन."

"सायबाच्या तोंडावर तरी एक बार."

"त्याचं तोंड साफच हाय. त्याले साऱ्याइनं पाह्यलं."

काम करता करता बाई साहेबाबद्दलही बोलायच्या, आणि हे मला चमत्कारिक वाटायचं, कारण त्यांच्या बोलण्यात राग नसायचा. त्यांना त्याच्याबद्दल कुतूहल होतं. इतक्या उन्हात एवढा जाड कोट घालून हा माणूस कसा उभा राहिला असेल? चित्रकार कोण? गोरा की आपल्यातला? मग बाई साहेबाच्या तलवारीवरच्या हातावर नाक टेकवून तिरक्या नजरेने बघायच्या. "पाचही बोटं सारखे. टोपल्यात काकड्या ठेवल्यावानी. हा हात पाठ करून काढेल हाय. असे हात त्यानं शंभर सायबाले लावले असतीन."

मी म्हणाले, "बाई, हा मुलूख लुटणारा माणूस आहे."

"असंन. मी कुठं नाही म्हनते? पण तू त्याच्यावर इतली रागावली अन् त्याच्या मागं घोडा हाय हेबी तुले माहीत नाही. माणसानं ज्याच्यावर रागवावं त्याले तरी नीट पाह्यलं पाह्यजे."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तोंडात कापूस होता.

हळूहळू घोड्याची मान आली. मग मातकट रंगाची एक बाही. बाई आता फार थकायच्या. सकाळी कामाला बसल्या की जेमतेम थोडा वेळ कोपरा दिसायचा, मग डोळ्यातून पाणी गळायचं आणि काडी माझ्या हातात यायची. इकडे भिंती वाळत आल्या होत्या. पाय आले, अनवाणी. डोक्याचं पागोटं आलं, अगदी वरच्या बाजूला. त्याच्या खालची जागा बाईंनी मुद्दाम शेवटासाठी ठेवली होती, जशी मुलं ताटातली जिलेबी ठेवतात.

त्या दिवशी त्यांनी मला बाजूला केलं आणि स्वतः काडी घेतली. पागोट्याच्या खाली कापूस फिरत होता, काळा होऊन येत होता, मी नवी काडी देत होते. मग कापूस स्वच्छ येऊ लागला. बाई थांबल्या. मान उजवीकडे झुकवून बघितलं, डावीकडे झुकवून बघितलं. खिडकीकडे वळल्या, पुन्हा चित्राकडे वळल्या.

"क्रांती," त्या म्हणाल्या, "मले तिथं काहीच नाही दिसून राह्यलं. हा माह्या डोळ्याचा डाग हाय, का तिथं खरंच काही नाही?"

मी वाकून बघितलं. तिथे एक सपाट तपकिरी डाग होता. नाक नाही, डोळे नाहीत, मिशी नाही. चित्रकाराने ब्रशचा एक फटकारा मारून जागा भरली होती आणि तो पुढे गेला होता. साहेबाच्या कोटाचं बटण न् बटण त्याने काढलं होतं.

सभागृहात रंगारी शिडी आणि बादल्या आवरत होते. गजाननभाऊ माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, सांगावं की आहे बाई, चेहरा आहे, तुमच्या डोळ्यांना दिसत नाही एवढंच. त्यांनी विश्वास ठेवला असता. पण ज्या बाईंनी आयुष्यभर फक्त एकच गोष्ट शिकवली होती, त्यांच्यासमोर मी न पाहिलेलं कसं सांगणार होते?

"नाही बाई," मी म्हणाले. "चेहरा काढलाच नाही त्याने. नुसता रंग आहे."

बाईंनी काडी बाकावर ठेवली. पदराने डोळे पुसले. ते नेहमीचं पाणी होतं की दुसरं, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "हात हाय?"

"आहे."

"सांग मंग. मले आता दिसत नाही."

मी सांगायला लागले. "शोषिताचा हात आहे बाई. शतकानुशतकं राबलेला, घट्टे पडलेला..."

"हे पाठ झालं. पाहून सांग."

मला राग आला. मी खाली बसले, तोंड चित्राजवळ नेलं आणि पहिल्यांदा त्या हाताकडे बघितलं. "डावा हात आहे," मी म्हणाले. "लगामाचा पट्टा तळहाताला दोन वेढे देऊन धरलाय. अंगठा पट्ट्यावर दाबलाय आणि दाबल्यामुळे नखाचं टोक पांढरं पडलंय. करंगळी मात्र मोकळी आहे. ती घोड्याच्या हनुवटीला लागलीय."

"लागली, का लावली?"

मी पुन्हा बघितलं. "लावलीय बाई. खाजवतोय. साहेबाला दिसणार नाही असं तो घोड्याला एका बोटाने खाजवतोय."

बाईंचा चेहरा असा उजळला की मला माझंच नवल वाटलं. मी त्यांचा चेहरा इतक्या वर्षांत नीट पाहिला नव्हता. "म्हंजे घोडा हालून राह्यला असंन," त्या म्हणाल्या. "चित्र काढता काढता कंटाळला असंन तो. अन् ह्यानं त्याले समजावलं. हे पाठ करून काढता येत नाही, क्रांती. हे त्या चित्रकारानं पाह्यलं. तोंड काढायची त्याले परवानगी नसंन, का गरज नसंन वाटली, का टाइम नसंन, देवाले ठाऊक. पण हात पाह्यला त्यानं. अख्ख्या चित्रात एवढं एकच पाहून काढलं." आणि त्यांनी आपली करंगळी हवेत हळूच हलवून बघितली.

मी नवं पत्रक लिहिलं. त्यात थुंकण्याचं वाक्य नव्हतं, राग होता. तो मी सोडलेला नाही आणि सोडणारही नाही. पण त्यात करंगळी होती. वकीलसाहेबांनी ते वाचलं, वाचनालयात येऊन कोपऱ्याशी वाकून बराच वेळ बघितलं आणि स्वतःशीच म्हणाले, "खाजवून राह्यला लेकाचा." चित्र माळ्यावर गेलं नाही. आता ते तसबिरींच्या रांगेत नाही, वाचनकक्षात खिडकीसमोर आहे. खालच्या पाटीवर माझ्या आग्रहाने लिहिलं आहे: 'लगाम धरणारा माणूस व एक इंग्रज अधिकारी. दोघांचीही नावे माहीत नाहीत.' त्याला हार घालत नाहीत. अगरबत्तीचं घर गजाननभाऊंनी दाराबाहेर नेलं.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. शेवटी शेवटी त्यांना फक्त उजेड कळायचा, पण मी काही लिहिलं की त्या माझ्याकडून ते वाचून घ्यायच्या आणि मधेच हात वर करायच्या. ते वाक्य पाठ केलेलं आहे, हे त्यांना ऐकूनही कळायचं.

वाचनालयाने त्यांचा फोटो लावायचं ठरवलं. वकीलसाहेबांनी शाळेतून त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो मागवला होता. मी दुसरा नेला. गजाननभाऊंनी मोबाइलवर काढलेला: बाई चित्रावर वाकलेल्या, केस पुढे आलेले, चेहरा त्यांच्याआड गेलेला, आणि मधोमध त्यांचा उजवा हात, तीन बोटांत धरलेली अगरबत्तीची काडी.

वकीलसाहेबांनी तो दूर धरून बघितला, जवळ धरून बघितला. "यात बाईचं तोंड कुठं हाय?"

"नाही."

"मंग लोकाइले समजन कसं, कोन होय ते?"

"विचारतील ना."

आणि विचारतात. परवा एक बाई मुलीच्या परीक्षेची पुस्तकं बदलायला आल्या होत्या, जाताना त्या फोटोसमोर थबकल्या. "हे कोन होय वं?" त्यांनी मला विचारलं.

मी तिथे बसून लिहीत असलेलं पत्रक बाजूला ठेवलं आणि त्यांच्याजवळ गेले. म्हणाले, "सांगते. आधी हात पाहा."